विर्यो गुरुजींचं स्वतंत्र बँकॉक

"झेंडीच्या मागे मी चालणार नाही," असं विर्यो गुरुजी बोलून गेले आणि तिथेच सगळं फसलं.

एकट्या बायकोसमोर बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत शब्द गिळता आला असता. संसारात त्यांनी असे पुष्कळ शब्द गिळले होते आणि ते पचलेही होते. पण त्या दिवशी भिशी त्यांच्या घरी होती. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या त्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका बैठकीच्या खोलीत चटईवर बसून केळ्याची भजी खात होत्या, आणि यंदा भिशीच्या मंडळानं बँकॉकला जायचं ठरत होतं. सहलीच्या कंपनीची रिरिन नावाची चुणचुणीत मुलगी हातात झेंडी घेऊन पुढे चालणार, तिच्यामागून मंडळी. नवऱ्यांनाही मुभा होती. गुरुजी खोलीत आले होते ते फक्त चष्मा शोधायला.

"काय गुरुजी, तुम्ही येणार ना आमच्याबरोबर?" समोरच्या घरातल्या बू हार्तिनींनी विचारलं. "तुमचा तर विषयच आहे जग."

हे खरं होतं. गुरुजींनी हयातभर भूगोल शिकवला होता. कुठल्या देशाची राजधानी कुठली, कुठली नदी कुठे उगम पावते आणि कुठे बुडते, हे ते झोपेतही सांगत; वर्ग बऱ्याचदा झोपेतच ऐके. मात्र प्रत्यक्षात ते जावा बेटाबाहेर एकदाच गेले होते. शाळेच्या सहलीबरोबर बालीला. आणि तो सगळा प्रवास बस लागणाऱ्या मुलांच्या तोंडापुढे पिशव्या धरण्यात गेल्यामुळे बाली कशी असते, हे त्यांना आजही नकाशावरूनच सांगावं लागे.

"शहर पायांनी आणि नकाशानं समजून घ्यायचं असतं," गुरुजी म्हणाले. "बदकांसारखी रांग लावून नव्हे. झेंडीच्या मागे मी चालणार नाही."

तोंडातली भजी तोंडात राहिली. इतक्या बदकांना एकदम उद्देशून बोलल्याचं गुरुजींच्या ध्यानात आलं, पण उशीर झाला होता.

"मग तुम्ही एकटे या, पाक," बू सुमार्नी म्हणाल्या. मुलगी लग्न होऊन सुराबायाला गेली तरी नवराबायको एकमेकांना अजून 'पाक' आणि 'बू' म्हणत, म्हणजे बाबा आणि आई; गल्लीत वडीलधाऱ्यांनाही असंच म्हणायची रीत होती. सुमार्नींचा आवाज मऊ होता, आणि तो मऊ झाला की गुरुजी सावध होत. "आमच्या सहलीत शेवटचा दिवस मोकळा ठेवलाय. त्या दिवशी तुम्ही मला हॉटेलवर न्यायला यायचं आणि तुमचं ते नकाशातलं शहर मला दाखवायचं. तोवर तुम्ही तुमच्या वाटेनं, मी आमच्या. मध्ये फोन नाही, निरोप नाही."

"आणि गुरुजी चुकले तर?" बू हार्तिनींनी विचारलं. त्यांना अशा वेळी बरोबर प्रश्न सुचतात.

"चुकलो, तर पुढच्या भिशीची भजी मी तळीन," गुरुजी म्हणाले आणि चष्मा न घेताच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात सल्ल्यांची रीघ लागली. त्यात अग्रपूजेचा मान शेजारच्या पाक मुजिमान यांचा. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि विमान बिघडल्यामुळे एकदा काही तास बँकॉकच्या विमानतळावर अडकले होते. विमानतळाबाहेर त्यांना पडता आलं नव्हतं, पण काचेतून शहर त्यांनी बराच वेळ पाहिलं होतं, आणि गल्लीत तेवढ्या अधिकारानं बँकॉकवर बोलू शकणारा दुसरा माणूस नव्हता.

"भाषेची काळजी सोडा, गुरुजी. 'खाप' म्हणायचं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच. हो, बरं, आभारी आहे, कळलं, या बसा. काही नाही कळलं तरी हसायचं आणि 'खाप' म्हणायचं. अर्धं बँकॉक खापवर चालतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्या बायका असतात. त्या 'खा' म्हणतात."

कुणी म्हणालं, रस्ता चुकलात तर सरळ पोलिसाला विचारा. कुणी म्हणालं, काही झालं तरी पोलिसाला विचारू नका. बू हार्तिनींनी पासपोर्टासाठी गुरुजींच्या अंतर्वस्त्राला आतून खिसा शिवून दिला, वर चांगली बटणं लावली, आणि टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, परतलेल्या कापांचा डबा दिला. तो डबा एवढा होता की बँकॉकला वेढा पडला असता तरी गुरुजी तगले असते.

अडचण आली ती नावाची. गुरुजींचं नाव विर्योसुमार्तो. पुढे काही नाही, मागे काही नाही. जावात ही पूर्वापार रीत आहे, आणि एका नावात जन्मल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत सगळं भागत आलेलं. पण विमानाचं तिकीट काढायला बसले, तर संगणकाला आडनाव हवं. गुरुजींनी ती जागा मोकळी सोडली. संगणक लाल झाला. त्यांनी तिथे छोटी रेघ मारली. तो पुन्हा लाल झाला. 'आडनाव नाही' असं लिहिलं, तर तो 'श्री. आडनाव नाही यांचे स्वागत असो' असं म्हणाला. शेवटी ते तिकिटांच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "त्यात काय, गुरुजी! तेच नाव दोनदा लिहा. सगळे असंच करतात."

अशा रीतीनं बँकॉकला निघाले ते श्री. विर्योसुमार्तो विर्योसुमार्तो.

बँकॉकच्या विमानतळावर तपासणीच्या खिडकीपाशी आल्यावर गुरुजींना खिशाची आठवण झाली. खिसा जिथे होता तिथे चारचौघांत हात घालणं शिक्षकी पेशाला शोभणारं नव्हतं. ते वळले, पाठ केली, वाकले, आणि बटणांशी झटू लागले. बू हार्तिनींचं शिवणकाम पक्कं होतं. मागे रांग वाढली. एका लहान मुलीनं आईला काहीतरी विचारलं आणि आईनं तिचे डोळे झाकले. अखेर पासपोर्ट निघाला. जरा गरम होता. खिडकीतल्या बाईनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, तिकिटावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गुरुजींच्या खांद्यावरून मागे पाहिलं, दुसरा कुठे आहे म्हणून.

"खाप," गुरुजी हसून म्हणाले.

उतरण्याची जागा एका गल्लीत होती. गुरुजींकडे मोठा कागदी नकाशा होता. फोनवरचा नकाशा त्यांना मान्य नव्हता. तो माणसाला मध्यभागी ठेवतो आणि जग त्याच्याभोवती फिरवतो. यानं पोरं बिघडतात, असं त्यांचं मत होतं. कागदावर गल्ली अगदी सरळ होती. पण तिथल्या गल्ल्यांना एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम, आणि समोरासमोर जवळचे आकडे येतील तर शपथ. अकरा आणि तेरा यांच्या मधोमध उभे राहून गुरुजी बारावी गल्ली शोधत राहिले. बारा पलीकडच्या हाताला, पार खाली, एका पुलाच्या आड होती. ते पोचले तेव्हा शर्ट पिळण्याजोगा झाला होता आणि बुटांनी टाचा सोलल्या होत्या.

घरमालकीण सोमजित मावशी गोल, हसरी, पांढऱ्या केसांची. तिनं नोंद वाचली आणि मोठ्या कौतुकानं खोली उघडून दाखवली. दोन पलंग. दोन टॉवेल. दोन पाण्याच्या बाटल्या.

"भाऊ?" तिनं दाराकडे बोट करून विचारलं. तिला इंग्रजीचे थोडेच शब्द येत, आणि त्यांतला हा एक होता.

आता हे समजावून सांगायचं, तर जावातली नावं ठेवण्याची रीत, संगणकाचा आडमुठेपणा आणि तिकिटाच्या दुकानातला माणूस हे सगळं खाणाखुणांनी सांगावं लागलं असतं. गुरुजींनी सुरुवात केली. स्वतःकडे बोट केलं, मग पुन्हा स्वतःकडेच केलं. मावशीची मुद्रा गंभीर झाली. हा थकलेला पाहुणा आपल्याला काहीतरी दुःखाचं सांगतोय, एवढंच तिला कळलं. शेवटी गुरुजी म्हणाले, "भाऊ. उद्या."

ही चूक होती. सकाळी टेबलावर दोन ताटं होती: दोन अंडी, दोन वाट्या भात, दोन फोडी पपई. भाऊ न आल्याचं पाहून मावशीचे डोळे असे झाले, की अन्न वाया घालवणं गुरुजींना शक्यच नव्हतं. त्यांनी भावाचंही खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. स्वतंत्र प्रवासात माणसानं हलकं खावं, हे त्यांनी निघण्यापूर्वी वहीत लिहिलेलं पहिलं सूत्र होतं. ते अशा तऱ्हेनं नाश्त्यालाच निकालात निघालं.

तरी खरा घोळ वेगळाच होता, आणि त्याची सूचना पाक मुजिमान यांनीही दिली नव्हती. परक्या मुलखात आपण परके दिसू, निदान तेवढा तरी मान मिळेल, अशी गुरुजींची समजूत होती. पण त्यांचा वर्ण, नाक, डोळे, चाल, सगळं बँकॉकच्या कुठल्याही निवृत्त कारकुनासारखं होतं. गोऱ्या प्रवाशांना लोक वाकून वाट सांगत. गुरुजींना लोक वाट विचारत! खेड्याकडून आलेली दोन म्हातारी माणसं गाठोडी घेऊन त्यांच्यापाशी आली आणि भडाभडा काहीतरी विचारू लागली. गुरुजी हसले, 'खाप' म्हणाले. ती दोघं मग त्यांच्यामागून चालू लागली, आणि दवाखान्याची पाटी दिसेपर्यंत चालत राहिली. तिथे त्यांनी गुरुजींना मनापासून हात जोडले. त्यांना दवाखानाच हवा होता. गुरुजींना राजवाडा हवा होता.

कालव्यातल्या बोटीत तर शोभाच झाली. त्या बोटी धक्क्याला लागतात न लागतात तोच सुटतात; ज्याला उतरायचं त्यानं उडी मारायची. गुरुजी नकाशाची घडी उलगडून धक्क्याचं नाव जुळवत बसले. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेल्या माणसानं दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा असतो. काठाला गुरुजी होते. दोरी त्यांच्याच हाताशी होती. कालव्याचं पाणी आधी नकाशावर आलं, मग गुरुजींवर, मग त्यांच्या मागच्या सगळ्या रांगेवर. मागची एक बाई काय बोलली ते कळलं नाही, पण तिचा सूर बू हार्तिनींचा होता. नकाशातलं निम्मं बँकॉक गुरुजींच्या विजारीला चिकटून राहिलं आणि बोट त्यांना शेवटच्या धक्क्यापर्यंत घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी एका स्टेशनात, मोठ्या धीरानं, त्यांनी एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाला वाट विचारली. हयातभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल! त्यांनी एकच वाक्य नीट जुळवलं होतं. ते पुरं झालं आणि गृहस्थ ताठ झाला. नजर समोर, हात अंगाशी. गुरुजींनी बाजूला पाहिलं. फुलं विकणारी बाई ताठ. शाळकरी मुली ताठ. सरकत्या जिन्यापाशी उभी राहिलेली सारी गर्दी ताठ. अख्खं स्टेशन खिळून उभं. आपल्या तोंडून असं काय निघालं, या विचारानं गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला. मग वरच्या कर्ण्यातून वाजणारं गाणं त्यांच्या कानांत शिरलं आणि उलगडा झाला. ते राष्ट्रगीत होतं. रोज संध्याकाळी वाजतं. गुरुजीही ताठ झाले. गीत संपलं, गर्दी पुन्हा वाहू लागली, आणि सभ्य गृहस्थ तीत विरघळून गेला.

मोकळ्या दिवसाच्या आदल्या दिवशी गुरुजींची अवस्था काय होती, ती सांगायला हवी. बूट सोडून त्यांनी रबरी चपला घेतल्या होत्या. डोक्यावर बाजारातली वेताची टोपी होती. हातात दोऱ्यानं बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाची कॉफी होती, तिथले सगळे पितात तशी. शहराबद्दल त्यांना जे खात्रीनं माहीत होतं, ते एका हाताच्या बोटांवर मावलं असतं, आणि उद्या ते बायकोला दाखवायचं होतं. रात्रीचा डोळा लागत नव्हता. सुमार्नी हॉटेलच्या दारात नीटनेटकी पर्स घेऊन उभी राहणार आणि विचारणार, "कुठे जायचं, पाक?" हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

निदान एक ठिकाण तरी पक्कं असावं म्हणून ते जावा मशीद शोधायला निघाले होते. फार पूर्वी जावाहून आलेल्या लोकांची तिथे वस्ती आहे, असं सोमजित मावशीनं खुणांनी सांगितलं होतं. दुपारचा नमाजही होईल. ते एकाच औषधाच्या दुकानापाशी फिरून फिरून येत होते. दुकानातल्या मुलीनं आता त्यांना ओळख द्यायला सुरुवात केली होती.

कोपऱ्यावर उभे राहून ते कॉफी ओढत असताना शेजारी एक मोठी बस येऊन थांबली. चालकानं खिडकीतून डोकं काढून काहीतरी विचारलं. त्यातला 'जावा' हा शब्द तेवढा कळला. गुरुजींनी वर पाहिलं. बसच्या काचेवर सोलोच्या सहल कंपनीचं नाव होतं. दुसऱ्या खिडकीत बू हार्तिनींचा जांभळा हिजाब होता.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं, ते गुरुजींना नंतर पुष्कळ सुचलं. त्या वेळी त्यांनी टोपी नाकापर्यंत ओढली, चेहरा वळवला, "खाप" म्हणाले, आणि समोर दिसलेल्या गल्लीकडे हात केला. हात मात्र त्यांना साधा करता आला नाही. भिंतीवरच्या नकाशासमोर करायचे तसा तो केला: खांद्यापासून सरळ, तळवा उघडा, जणू पलीकडे हिमालय आहे.

बस वळली आणि गल्लीत शिरली.

गुरुजी तिथून निघून जाऊ शकले असते. थोडे चाललेही. मग मागून एक लांब हॉर्न आला, त्यावर दुसरा, आणि मग कुठल्याही भाषेत एकच अर्थ होतो असा माणसांचा कल्लोळ. बसमध्ये सुमार्नी होती. ते मागे फिरले.

बस अडकली होती. उजवीकडे एका घराची ओसरी, डावीकडे विजेचा खांब, मागे भाजीची हातगाडी आणि तिची संतापलेली मालकीण. पलीकडच्या टोकाला, झाडांच्या वर, मशिदीचं उतरतं, थरांचं छप्पर दिसत होतं, थेट जावातल्या मशिदींसारखं. गुरुजींनी दाखवलेली दिशा अगदी बरोबर होती. गल्लीला बस जास्त झाली होती, एवढंच.

सहलीची मंडळी दारातून कशीबशी खाली उतरली होती. रिरिन फोनवर रडकुंडीला आली होती. आणि वस्तीतले लोक, पाहुणे जावाचे आहेत असं कळल्यावर, बस सोडवायचं विसरून चटया घालत होते. रोमलीकाका म्हणून एक गृहस्थ मलेशियात नोकरी करून आलेले होते. त्यांची मलय भाषा सोलोच्या मंडळींना कळत होती. ते सांगत होते, "आमचे पणजोबा तिकडूनच आले. या, बसा. बस काय, निघेल संध्याकाळपर्यंत."

गुरुजी गर्दीच्या कडेला टोपीखाली उभे होते. तेवढ्यात एका ठेंगण्या म्हातारीनं त्यांना दंडाला धरलं. ती थायमध्ये बोलत होती, भरभर, रागावल्यासारखी, आणि मध्येच तिनं हाताचा घास करून तोंडाकडे नेला आणि म्हणाली, "मांगान."

जेव. गुरुजींची आई असंच म्हणायची, याच सुरात, ते अभ्यासाला बसले की मागून येऊन. तिच्यामागे इतक्या वर्षांत हा शब्द त्यांना असा कुणी दटावून म्हटला नव्हता. टोपीचं, खापचं, सगळ्याचं भान सुटून त्यांनी अस्सल जावानीजमध्ये म्हातारीचे आभार मानले. मोठ्या माणसाशी बोलायच्या भाषेत, कमरेत वाकून.

"गुरुजी!" बू हार्तिनी किंचाळल्या.

"हाच तो!" या अर्थाचं काहीतरी चालक थायमध्ये ओरडला.

पुढची काही मिनिटं गुरुजींनी कशी काढली, ते तेच जाणोत. चालक हातवारे करून त्यांच्या हाताची नक्कल करत होता. हिमालयासकट. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "स्वतंत्र प्रवास चाललाय का, गुरुजी?" "आम्हाला वाटलं, इथलाच कुणी खुळा म्हातारा!" "भजीला केळी कुठली आणायची, सांगा हो!" सुमार्नी तेवढ्या हसत नव्हत्या. पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि गुरुजींच्या रबरी चपलांकडे पाहत होत्या.

गुरुजींची सुटका केली ती त्या म्हातारीनं, आणि तीही आगीतून फुफाट्यात. तिचं नाव सालीहा. हा माणूस जावाचा गुरुजी आहे असं कळताच तिनं उकडलेल्या भाज्यांचं ताट आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वाडगा आणून पुढ्यात ठेवला. लगेच दुसरी म्हातारी, मर्यम, दुसरा वाडगा घेऊन आली आणि तिनं तो पहिल्याच्या पुढे सरकवला.

"या दोघी जावा," रोमलीकाका कानाशी लागून म्हणाले. "यांच्या सासूबाई जावाच्या. त्या गेल्यापासून घरात एकच भांडण, की त्यांची चटणी अशी होती का तशी. सालीहा नारळाचं दूध घालते, मर्यम नुसती चिंच. आता जावाचा शिकलेला माणूस समोर आलाय. तुम्ही सांगाल ते खरं."

वस्ती गोळा झाली. दोन म्हाताऱ्या, चार डोळे. ज्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडत नाही, त्याच्यावर जावाच्या जावांचा निवाडा आला होता. त्यांनी एक घास खाल्ला. उत्तम. दुसरा खाल्ला. तोही उत्तम. घरची चटणी कशी असते, ते त्यांना आठवेना. ते जेवताना नेहमी वर्तमानपत्र वाचत.

मग भूगोल धावून आला. गुरुजींनी घसा साफ केला. "जावा बेटाचा उत्तर किनारा सखल आहे," ते म्हणाले, "आणि दक्षिणेकडे डोंगर. जिथे नारळ जास्त, तिथे चटणीत दूध. जिथे कोरडी जमीन, तिथे चिंच. म्हणजे दोन्ही चटण्या आपापल्या जागी शास्त्रशुद्ध आहेत." हे खरं आहे का, देव जाणे. पण आवाज वर्गातला होता.

रोमलीकाकांनी भाषांतर केलं. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आपण बरोबर असण्यात दोघींपैकी कुणालाच गोडी नव्हती. दुसरी चूक ठरायला हवी होती. सालीहानं गुरुजींच्या पुढचं ताट उचललं, मर्यमनं दोन्ही वाडगे उचलले, आणि दोघी मिळून, कितीतरी वर्षांनी एका मतानं, गुरुजींना नावं ठेवत घरात गेल्या.

ताट गेल्यावर सुमार्नींना हसू आवरेना. पदराआड हसतात तशा त्या हिजाबाचं टोक तोंडाला लावून हसत राहिल्या.

पुढे बस मागे घेण्याचं काम सुरू झालं. सगळी वस्ती, सहलीतले नवरे आणि भाजीवाली, सगळे एकाच वेळी वेगवेगळे हुकूम सोडत होते. गुरुजी लांब, ओहोळाच्या कडेला असलेल्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं शेजारी सुमार्नी येऊन बसल्या.

"टाचांना काय झालं?"

"बूट लागले."

"आणि वाळलात असं म्हणावं तर पोट सुटलंय."

"भावाचा नाश्ता खातोय," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. पासपोर्ट, सोमजित मावशी, दवाखाना, बोट, भिजलेला नकाशा. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. "मला हे शहर एवढंही कळलेलं नाही, बू. उद्या तुला दाखवायला माझ्यापाशी एक औषधाचं दुकान आहे."

ओहोळातून एक घोरपड संथपणे पोहत गेली. दोघांनी तिला जाऊ दिलं.

"कोपऱ्यावर तू मला ओळखलं नव्हतंस ना?" गुरुजींनी विचारलं.

"लगेच ओळखलं. टोपी ओढली म्हणून काय झालं? असा हात करून दिशा दाखवणारा दुसरा माणूस आहे का जगात?"

"मग गप्प का बसलीस? चालकाला थांबवायचं नाही का?"

सुमार्नींना प्रश्नच नीट कळला नसावा. त्यांनी आश्चर्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

"का थांबवू? तुम्ही दाखवला होता ना रस्ता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचा काठ उगाच नीट केला. शाळेतून निवृत्त होताना त्यांना शाल मिळाली होती, घड्याळ मिळालं होतं, मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषणही मिळालं होतं. त्या दिवशी त्यांना असं काही वाटलं नव्हतं.

गल्लीत जोराचा ओरडा झाला. बस वीतभर हलली होती.

"चला," सुमार्नी उठल्या.

"कुठे? मोकळा दिवस उद्या आहे."

"मी आत्ताच मोकळी आहे."

बू हार्तिनी मागून हाका मारत होत्या. दोघं मोठ्या रस्त्यावर आले. एक लाल, खडखडणारी साधी बस येत होती, पंख्यांची, खिडक्या उघड्या. तिच्या कपाळावरची पाटी दोघांनाही वाचता येत नव्हती. ती थांबली आणि ते चढले. आत एकच बाक रिकामा होता.

"कुठे चाललोय आपण, पाक?"

"मला अजिबात कल्पना नाही."

सुमार्नींनी पर्स काखेत घेतली आणि बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

"मग खिडकीपाशी तुम्ही बसा," त्या म्हणाल्या.